दागिन्याची मागची बाजू

कुंदनाचा हार आपण दुकानात समोरून बघतो. पोलकी हिरे, माणकं, पाचू, खाली लोंबणारे मोती. जुना जाणता सराफ मात्र असा हार हातात आला की आधी उलटा करतो. मागे पांढऱ्या जमिनीवर लाल कमळं असतात, हिरवी पानं असतात, कधी एखादा पोपट किंवा मोर असतो. हे मिन्याचं काम. हार घालणाऱ्या बाईच्या गळ्याला लागून राहते ती हीच बाजू. लग्नाला आलेल्या शंभर माणसांपैकी ती कुणालाच दिसत नाही.

मग एवढी मेहनत मागे कशासाठी? कारागीर याचं साधं कारण सांगतात. या कामाला सोनं फार शुद्ध लागतं आणि शुद्ध सोनं मऊ असतं. अंगाला घासून ते झिजतं. मिना म्हणजे सोन्यावर वितळवून बसवलेली काच. ती कडक असते, म्हणून सोनं सांभाळते. हे खरंच आहे. पण नुसती झीज थांबवायची तर एकरंगी थर पुरला असता. तिथे कमळ काढायची गरज नव्हती. कुणीतरी ते काढलं, आणि पुढच्या चारशे वर्षांत हजारो कारागीर काढत राहिले. आज या मागच्या बाजूबद्दल लिहायचं आहे, कारण आपल्या देशाचा इतिहास मला समोरच्या खड्यांपेक्षा तिथे जास्त दिसतो.

आधी शब्द. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करायची सवय आहे. संस्कृत ‘मीन’ म्हणजे मासा, त्याचा इथे काही संबंध नाही. हा ‘मीना’ फारसी आहे. त्याचा अर्थ रंगीत काच. उर्दू शायरीत मीना म्हणजे मद्याची काचेची सुरई, साग़रच्या जोडीने येणारी. मराठीत तोच शब्द ‘मिना’ झाला आणि आपण ‘मिन्याच्या पाटल्या’ म्हणू लागलो. कुंदन या शब्दाबद्दलही मोठा गैरसमज आहे. बऱ्याच जणांना वाटतं, कुंदन हा एखादा खडा आहे. कुंदन म्हणजे अत्यंत शुद्ध केलेलं सोनं. त्याच्या पातळ पट्ट्या खड्याच्या कडेने दाबत दाबत बसवतात आणि खडा पक्का होतो. मराठीत आपण ‘कोंदण’ म्हणतो ते हेच. अबुल फ़ज़लने ‘आईन-ए-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस या सोन्याचं वर्णन केलं आहे. तो म्हणतो, हे सोनं इतकं मऊ होतं की इराणचा बादशहा खुस्रो परवेझ सोनं हाताने वळवत असे ही दंतकथासुद्धा खरी वाटावी.

काम कसं चालतं तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एक दागिना एका माणसाच्या हातून होत नाही. चितेरा नक्षी काढतो. घडिया सोन्याला आकार देतो. तिसरा कारागीर सळईने सोनं खोदून पाकळ्या-पानांच्या जागी उथळ खळगे करतो. खळग्याच्या तळाशीही तो बारीक रेघा ओढतो, म्हणजे वरच्या पारदर्शक काचेतून सोनं चमकावं. मग दागिना मिनाकाराकडे येतो. तो रंगीत काच खलात कुटून, पाण्यात घोटून, टोकदार सळईने एकेका खळग्यात भरतो आणि भट्टीत घालतो. सगळे रंग एकदम घालता येत नाहीत. ज्याला सर्वांत जास्त आच लागते तो आधी आणि जो आचेला नाजूक तो शेवटी. साधारणपणे पांढरा पहिला आणि लाल अखेरचा. म्हणजे दागिना पुन्हा पुन्हा आगीत जातो. शेवटच्या वेळी आच जरा जास्त झाली की लाल काळवंडतो आणि आधीची सगळी मेहनत जाते. म्हणून जयपूरचा खरा कस लाल रंगात लागतो, असं मानतात. भट्टीतून निघालेला दागिना कुरुंदाच्या दगडाने घासतात आणि चिंच-लिंबासारख्या आंबट पाण्याने उजळतात.

यानंतर जडिया येतो. सोन्याच्या पोकळीत तो लाख भरतो, खड्याखाली चकचकीत वर्ख ठेवतो आणि कुंदनाने खडा बसवतो. शेवटी पटवा रेशमी दोऱ्यात सगळं गुंफतो. यातला क्रम लक्षात घ्या. लाख आगीत टिकत नाही, म्हणून मिन्याचं काम खडे बसवण्याआधीच संपवावं लागतं. न दिसणारी मागची बाजू आधी पूर्ण होते आणि दिसणारी बाजू नंतर.

आता प्रश्न येतो की ही कला कुणाची. इथे कोणत्याही एका बाजूने घाई करू नये. शब्द फारसी, म्हणून कला इराणची, असं पटकन म्हटलं जातं. पण अनेक अभ्यासक दुसरीकडे बोट दाखवतात, आणि तो रस्ता आपल्या गोव्यातून जातो. 1575 मध्ये अकबराने हाजी हबीबुल्लाह यांना गोव्याला पाठवलं. पोर्तुगीजांकडे काय काय नवं आहे ते बघून, शिकून, घेऊन यावं, असा हुकूम होता. सोबत कारागीर दिले होते. दोनेक वर्षांनी हाजीसाहेब युरोपच्या वस्तू आणि तिथली कसबं शिकलेली माणसं घेऊन परतले. त्या काळात युरोपातले सोनार मिन्याच्या कामात तरबेज होते आणि त्यांचे दागिने गोव्यात येत होते. मुघल सोनारांनी ही तऱ्हा तिथून उचलली असावी, असं मत आहे. पुढे जहांगीरच्या दरबारात ऑगस्तँ इरियार नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या होता. बादशहाने त्याला ‘हुनरमंद’ हा किताब दिला होता. आईन-ए-अकबरीत शाही कारखान्याच्या कारागिरांत मिनाकाराची वेगळी नोंद आहे. प्याले, सुरया, अंगठ्या यांवर तो रंग बसवून आगीत घालतो, असं तिथे वाचायला मिळतं.

जयपूरची गोष्ट इथून सुरू होते. आमेरचा राजा मानसिंह हा अकबराचा सेनापती आणि सुभेदार. त्याने लाहोरहून मिनाकार आणून आमेरला वसवले, असं जयपूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे मिनाकार शीख होते आणि आजही तिथल्या नामवंत मिनाकार घराण्यांत शीख घराणी आहेत. त्यांच्यातल्या सरदार कुदरत सिंह यांना पद्मश्री मिळाली. मानसिंहाची म्हणून ओळखली जाणारी एक काठी जयपूरच्या खजिन्यात होती. 52 इंच लांब, आत तांब्याचा दांडा, त्यावर सोन्याच्या 33 नळ्या आणि वर फिकट हिरव्या यशब दगडाची मूठ. नळ्यांवर मिन्यात फुलं, प्राणी आणि निसर्गदृश्यं. या काठीवर टेकून राजा अकबराच्या तख्तासमोर उभा राहत असे, अशी आख्यायिका आहे.

या काठीचं वर्णन जयपूरचे इंग्रज डॉक्टर हेंडली आणि इंजिनिअर जेकब यांनी 1886 च्या ‘जयपोर एनॅमल्स’ या पुस्तकात केलं. त्याच पुस्तकात एक छोटीशी नोंद आहे. जयपूरचे मिनाकार रंगाची काच स्वतः बनवत नसत. ती लाहोरहून यायची आणि तिथे ती बनवायचे मुसलमान मनिहार, म्हणजे बांगड्या करणारे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले. मनिहार म्हणजे आपले मणियार! महाराष्ट्रात गावोगावी बांगड्या भरणारे, डोक्यावर पेटी घेऊन फिरणारे. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मणियार आडनावाची मुलं असतात. जयपूरमध्ये आजही ‘मनिहारों का रास्ता’ आहे आणि तिथली मुसलमान घराणी लाखेच्या बांगड्या करतात.

म्हणजे राजपूत राजाच्या राणीच्या गळ्यातलं लाल कमळ लाहोरच्या मुसलमान मनिहाराच्या भट्टीतली काच होती. ती शीख मिनाकाराने भरली, जडियाने समोर खडे बसवले, जैन किंवा मारवाडी जवाहिऱ्याने तो हार विकला, आणि मुळातली तऱ्हा कदाचित गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली होती. 1947 मध्ये लाहोर आणि जयपूर यांच्यामध्ये सरहद्द आली. दागिन्यावर तिची रेघ काढता येत नाही.

मुघल दरबारातही या कलेने मोठी झेप घेतली. 1631 मध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपूरला वारली. 1633 मध्ये तिच्या दुसऱ्या उर्साला आग्र्यात तिच्या कबरीभोवती सोन्याचा कठडा बसवला गेला. त्यावर मिन्यात अक्षरं आणि फुलं होती. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनामा’त त्याचा हिशेब आहे: 40,000 तोळे सोनं, खर्च 6 लाख रुपये, देखरेख बेबदल खान यांची. दहा वर्षांनी, 1643 मध्ये तो काढून तिथे संगमरवरी जाळी बसवली. आज आपण ताजमहालात बघतो ती तीच. सोन्याचा कठडा आज अस्तित्वात नाही. याच बेबदल खानाच्या देखरेखीखाली सात वर्षं खपून 1635 मध्ये मयूरासन पूर्ण झालं. त्याच्या छताची बाहेरची बाजू मिन्याची होती. 1739 मध्ये नादिरशहा ते घेऊन गेला. त्याने दिल्लीच्या लुटीतल्या काही वस्तू रशियाच्या दरबारी भेट पाठवल्या. मुघल काळातली मिन्याची भांडी आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत ती त्यामुळे.

इथे एक गोष्ट माझ्या मुस्लिम वाचकांसाठी. शरीयतने पुरुषाला सोनं मना केलं आहे आणि सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणं-पिणंही. बादशहांनी ते ऐकलं नाही. तेव्हा या वैभवाला ‘इस्लामी’ म्हणून मिरवण्यात अर्थ नाही, आणि ‘परकी’ म्हणून नाक मुरडण्यातही नाही. त्या कठड्याचं वजन इतिहासात आहे, किंमत आहे, दारोग्याचं नाव आहे. फुलं भरणाऱ्यांची नावं त्या हिशेबात नाहीत. मला ज्यांच्याबद्दल आपलेपणा वाटतो, ते हे लोक.

दिल्ली खिळखिळी झाली तसे कारागीर छोट्या दरबारांकडे पांगले. लखनौला चांदीवर निळा-हिरवा मिना बहरला. बनारसला ‘गुलाबी मिना’ आला. त्यात पांढऱ्या थरावर कुंचल्याने गुलाबी फुलं रंगवतात. जयपूरने पंचरंगी मिना जपला. त्यातल्या फिकट निळ्या रंगाचं नाव ‘फ़ाख़्ताई’ आहे, फ़ाख़्ता म्हणजे कबुतराच्या जातीचा होला. 1875-76 मध्ये इंग्लंडचे युवराज भारतात आले तेव्हा जयपूरच्या महाराजांनी त्यांना मिन्याचं सोन्याचं तबक दिलं. ते घडवायला चार वर्षं लागली होती, असं जॉर्ज बर्डवुड लिहितो. हा बर्डवुड जन्माने आपल्या बेळगावचा. आणि दक्षिणेत हैदराबाद. निजामाच्या खजिन्यातले 173 दागिने भारत सरकारने 1995 मध्ये 218 कोटी रुपयांना विकत घेतले. त्यातल्या कितीतरी दागिन्यांच्या मागे मिना आहे.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्या घरांतल्या दागिन्यांची नावं हैदराबादची. सतलडा, करनफूल, झूमर, जुगनी. पण नवरीच्या गळ्यात सर्वांत मानाचा असतो काळी पोत का लच्छा. काळ्या मण्यांचा! माझ्या शेजारच्या वहिनी मंगळसूत्र म्हणतात आणि आमच्याकडे लच्छा म्हणतात. मणी तेच. करनफूल आणि कर्णफूल यांत तर नुसता उच्चाराचा फरक.

मराठी दागिन्यांच्या जगात फारसी-अरबी किती मुरली आहे बघा. सराफ, जवाहीर, नक्षी, कारागीर, शिरपेच, कलगी, तुरा, वजन, मोहर. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो राज्याचा विचार होता आणि त्याला त्याचं स्थान आहे. बाजारात मात्र सराफ हा सराफच राहिला. आज ते कितीतरी हिंदू कुटुंबांचं आडनाव आहे. मुंबईचा झवेरी बाजार शेख मेमन स्ट्रीटवर आहे. जुम्मा मशीद त्याच रस्त्यावर आणि मुंबादेवीचं देऊळ हाकेच्या अंतरावर. आजूबाजूच्या अंधाऱ्या माळ्यांवर बसून काम करणारे कारागीर मोठ्या संख्येने पश्चिम बंगालचे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही.

मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात नववीच्या मुलींनी ‘जोधा अकबर’ मधल्या गाण्यावर नाच बसवला होता. गळ्यात बाजारातले दोनशे-तीनशे रुपयांचे कुंदन सेट. तयारी करताना एकीने विचारलं, “टीचर, ये कुंदन अपना है या उनका?” मी तिच्या गळ्यातला सेट उलटा करून दाखवला. मागे पितळेचा कोरा पत्रा होता. तिला म्हटलं, “असली दागिन्यात इथे फुलं असतात. ती फुलं कुणी भरली ते आधी ऐक, मग तूच ठरव.” आणि वर लिहिलेली लाहोरच्या मनिहारांची गोष्ट सांगितली. शेजारी उभी असलेली मणियारांची मुलगी एकदम ताठ झाली. “मतलब हमारेवाले भी थे उसमें?” थे, बेटा. आणि बाकीचेही होते.

हा प्रश्न नववीच्या मुलीच्या तोंडी येतो, याचं मला वाईट वाटतं. तिने तो स्वतः तयार केलेला नाही. घरात, मोबाईलवर, टीव्हीवर रोज वाटणी चालू आहे. जेवण यांचं-त्यांचं, कपडे यांचे-त्यांचे, शब्द यांचे-त्यांचे. वाटणी करणारे नेहमी समोरची बाजू बघतात, कारण समोर मालक दिसतो. हार राणीचा की बेगमेचा, एवढंच समोरून कळतं. मागून बघितलं की हात दिसतात.

पण ही मागची बाजू फार वेगाने नाहीशी होते आहे. त्याचं कारण राजकारणापेक्षा साधं आहे. आपण दागिने मोडतो. सोनं हा अडीनडीचा आधार, त्यामुळे प्रत्येक पिढी आधीच्या पिढीचे दागिने आटवते. अब्बांच्या आजारपणात नानीचं झूमर विकावं लागलं तेव्हा मी अम्मीबरोबर दुकानात होते. सराफाने रीतीप्रमाणे खडे काढले, लाख काढली आणि उरलेलं सोनं काट्यावर ठेवलं. अम्मी हळूच म्हणाली, “इत्ता सा सोना?” सराफाचं काही चुकलं नव्हतं. मोडीत सोन्याचंच वजन धरतात. मिन्याचे पैसे येत नाहीत, उलट तो वजनातून वजा होतो. झूमरच्या मागे एक छोटा हिरवा पोपट होता. तो गाळला गेला.

धर्माचा हिशेबही सोन्याचाच. साडेसात तोळ्यांचा निसाब आपल्याला पाठ असतो. हनफ़ी फ़िक़्हनुसार दागिन्यातल्या सोन्यावर ज़कात आहे, खड्यांवर नाही. कोकणातले आपले भाऊबंद बहुतेक शाफ़ई. त्यांच्याकडे रोजच्या वापरातल्या दागिन्यावर ज़कात नाही, असं मत मानलं जातं. दोन्हीकडे मिन्याचा विषय येत नाही, आणि यायचं कारणही नाही. ज़कात गरिबाचा हक्क आहे आणि तो वजनानेच मोजायला हवा. पण मग मिन्याची नोंद ठेवायची कुणी? ते काम आपल्यालाच करावं लागेल.

दागिने मोडू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. आजारपण, शिक्षण, मुलीचं लग्न यांपुढे पोपटाचा हट्ट धरता येत नाही. एवढंच करा. दागिना दुकानात नेण्याआधी त्याचे दोन फोटो काढा, एक समोरून आणि एक मागून. आजीला, नानीला, सासूबाईंना विचारून त्याचं घरातलं नाव वहीत लिहा. तो कुठे घडवला, कुणी दिला, कोणत्या लग्नात घातला, तेही लिहा. मग ते घर मोहल्ल्यातलं असो की पेठेतलं. मी माझ्या वर्गाला या दिवाळीच्या सुट्टीसाठी हाच अभ्यास दिला आहे: घरातल्या एका जुन्या दागिन्याचं नाव आणि त्याची गोष्ट, उर्दूत पाच ओळी आणि मराठीत पाच ओळी. तुमच्याकडे अशी गोष्ट असेल तर मलाही कळवा. आणि आडनाव मणियार, पटवे किंवा मिनाकार असेल तर अगदी आठवणीने कळवा.